वामनदादांनाही कुणीतरी बाराखडी शिकवली होती : स्थलांतरित, भाषा आणि आंबेडकरी चळवळ

मागच्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका तरुण मित्राने आम्हाला सर्वांसमोर प्रश्न विचारला. "दादा, आपली पोरं डिग्र्या घेऊन बेकार फिरायलीत. आणि तुम्ही रविवारचा दिवस बिहारच्या लोकांना मराठी शिकवण्यात घालवता. ही कुठली आंबेडकरी चळवळ?"

प्रश्न रागाचा होता, पण खोटा नव्हता. वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या रांजणगाव शेणपुंजीत आम्ही काही मित्र दर रविवारी दुपारी एका भाड्याच्या खोलीत वर्ग घेतो. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडमधून आलेले कामगार तिथे येतात. मराठी बोलणे, वाचणे, थोडी गाणी, कधी एखादा छोटा नाट्यप्रवेश, एवढेच त्याचे स्वरूप. सुरुवातीला आम्ही पुस्तकाप्रमाणे "माझे नाव अमुक आहे" इथून आरंभ केला. दुसऱ्याच रविवारी एक कामगार म्हणाला, नाव सांगायला जमते, आम्हाला "माझी हजेरी लावली का?" हे आधी शिकवा. त्याच्या ठेकेदाराने मराठीत लिहिलेल्या कागदावर त्याची सही घेतली होती. कागदावर काय होते ते त्याला पगार कमी आल्यावर कळले.

त्या दिवसापासून आमचा अभ्यासक्रम बदलला. हजेरी, पगार पावती, ओव्हरटाइम, पीएफ, अपघात, दवाखाना, तक्रार. आणि त्या दिवसापासून आम्हाला हेही वाटू लागले की हे काम नवे नाही. हे आपल्याच चळवळीचे जुने काम आहे, फक्त आपण ते विसरलो आहोत. बैठकीत घाईघाईने दिलेले उत्तर अपुरे होते. म्हणून हा लेख.

आपण सगळे कुठून आलो?

आधी स्वतःकडे पाहू. आंबेडकरी चळवळीचा इतिहास हा गाव सोडलेल्या माणसांचा इतिहास आहे. बाबासाहेबांनी गावाला जातीयतेचे डबके म्हटले ते उगाच नाही. कोकण, नाशिक, सातारा, नगरकडची आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आली. पण शहरात येऊन जात सुटली का? गिरणीतल्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो 'विटाळेल' अशी सवर्ण कामगारांची हरकत होती. जास्त मजुरीचे खाते नेमके तेच. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. एकाच शहरात, एकाच यंत्रापुढे आल्याने माणसे आपोआप भाऊ होत नाहीत, हे आपण तेव्हापासून जाणतो.

अशा शहरात १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेला एक तरुण पोटासाठी आला आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहू लागला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. एकदा कुणीतरी त्याच्याकडे पत्र वाचून दाखवायला आणले आणि त्याला रडू कोसळले. मग देहलवी नावाच्या एका मास्तरांनी त्याला मुळाक्षरे आणि बाराखडी शिकवली. पुढची जोडाक्षरे तो दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकला. त्या तरुणाचे नाव वामन तबाजी कर्डक. आपले वामनदादा! १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गीताच्या चालीवरचे विडंबन होते. त्यानंतर २००४ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत त्यांनी बाबासाहेबांचा विचार महाराष्ट्राच्या वाडीवस्तीवर गाण्यातून पोचवला.

मित्रांनो, यातली एकेक गोष्ट नीट पाहा. शहरात नवा आलेला निरक्षर मजूर. चाळीत अक्षर शिकवणारा मास्तर. आणि शिकलेले अक्षर लगेच गाण्यात उतरवण्याची संधी देणारी चळवळ. आज परदेशांत सरकारे आणि संस्था निर्वासितांसाठी, स्थलांतरितांसाठी 'कला आणि भाषा कार्यशाळा' घेतात, त्यावर प्रबंध लिहिले जातात. आपल्या लोकांनी ही कार्यशाळा नाव न देता, अनुदान न घेता, कंदिलाच्या उजेडात चालवली होती.

अण्णाभाऊ साठेंची गोष्टही हीच. वाटेगावहून मुंबईपर्यंतचा प्रवास या कुटुंबाने पायी केला. शाळा दीड दिवसाची. अक्षरओळख मुंबईत, पाट्या आणि पोस्टर वाचून आणि सोबत्यांच्या मदतीने झाली. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन या दीड दिवसाच्या शाळेतल्या माणसाने केले. ज्याला शहराने पाटी वाचायला लावली, त्याने शहराला साहित्य दिले.

जलसा म्हणजे शाळा

आंबेडकरी जलशाकडे आपण आज जयंतीच्या कार्यक्रमातली करमणूक म्हणून पाहतो. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक भागातून जे जलसे सुरू केले त्यांचे काम वेगळे होते. तमाशाचा सांगाडा लोकांच्या ओळखीचा होता, तो त्यांनी घेतला. देवाचा गण आणि कृष्णाची गौळण यांच्या जागी माणसाचे प्रश्न आणले. फार्सातून सावकार, भट, गावकामगार यांच्या लबाड्या उघड केल्या. पाणी, शाळा, मेलेले ढोर न ओढणे, मतदान हे विषय गाण्यात आले. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला चळवळीची बातमी जलशातून कळत होती.

यात एक पद्धत होती. माणसाला आधी त्याच्याच बोलीत, त्याच्या ओळखीच्या चालीत गाठायचे. मग त्यातून नवा शब्द द्यायचा. समता, हक्क, संघटना हे शब्द आपल्या आजीआजोबांनी शब्दकोशातून शिकलेले नाहीत, ते गाण्याच्या धृपदातून शिकले.

जलशाची एक उणीवही मान्य केली पाहिजे. तिथे बाईची भूमिका पुरुष करत. बाया समोर बसलेल्या होत्या, मंचावर नव्हत्या. आमच्या रविवारच्या वर्गातही आज हीच स्थिती आहे. कामगारांच्या बायका खोलीच्या दाराशी येतात, आत येत नाहीत. जुन्या पद्धतीतले चांगले घ्यायचे तर तिची चूकही ओळखून दुरुस्त करावी लागेल.

नागसेनवन : मराठवाड्याच्या पोरांना आवाज देणारे ठिकाण

आता आपल्या शहराकडे येऊ. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देत होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पण परभणी, बीड, नांदेडच्या महारवाड्यातल्या पोराला ती भाषाही परकी आणि तो खर्चही परका. प्रमाण मराठी पुण्या-मुंबईची, तीही दूरची. म्हणजे आपला मुलगा स्वतःच्या मुलखात राहूनही भाषेच्या बाबतीत बाहेरचाच होता.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, आणि जून १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुणे नाही, नागपूर नाही, औरंगाबाद! सर्वांत मागास मुलूख निवडला. सुरुवातीचे वर्ग छावणी भागातल्या जागेत भरले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. दरवाजे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडे होते. मराठवाड्याबरोबर विदर्भ आणि खानदेशातूनही मुले येऊन वसतिगृहात राहू लागली.

कल्पना करा, पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरलेला मुलगा. घरातला पहिलाच शिकणारा. तोंड उघडले की बोली कळते, बोली कळली की गाव कळते, आणि गावाबरोबर जात कळते. म्हणून तो तोंडच उघडत नाही. अशा मुलांना बोलते कसे करायचे?

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी एक उत्तर शोधले. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते विद्यार्थ्यांकडून बसवून घेतले. पुराणकाळापासून बाबासाहेबांच्या लढ्यापर्यंत अस्पृश्यांचा प्रवास हा त्याचा विषय. १९५५-५६ च्या सुमारास ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही सादर झाले. नाट्यशास्त्राचे पंडित त्याला किती गुण देतील, हा वेगळा प्रश्न. जो मुलगा वर्गात "हजर" म्हणताना अडखळत होता, तो मंचावर उभा राहून आपल्या समाजाचा इतिहास मोठ्या आवाजात बोलत होता, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेतून उच्च शिक्षण घेऊन परतलेले डॉ. म. ना. वानखडे नागसेनवनात आले आणि कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य इथल्या मुलांपुढे ठेवले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८ मध्ये 'अस्मितादर्श' सुरू केले. कुठेच न छापली गेलेली, बोलीत लिहिणारी, शुद्धलेखनात चुकणारी पोरे तिथे लेखक झाली. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरत. पानतावणे सरांनी शुद्धलेखनाची चूक दिसली म्हणून कविता परत पाठवण्याचेच धोरण ठेवले असते, तर दलित साहित्याची अर्धी पाने कोरी राहिली असती.

मिलिंद कोण होता?

आम्ही नागसेनवनातून शेकडो वेळा गेलो असू, पण या नावांचा विचार किती वेळा केला? मिलिंद म्हणजे मिनांदर, ग्रीक वंशाचा राजा. आपल्याकडच्या जुन्या भाषेत यवन. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट समजले जाते. नागसेन हा भिक्खू. राजा प्रश्न विचारतो, भिक्खू उत्तर देतो, आणि त्यातून 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ उभा राहतो. बाहेरून आलेला माणूस आणि इथला माणूस यांच्यातला संवाद! बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या मुलांच्या महाविद्यालयाला आणि परिसराला ही दोन नावे दिली.

हा संवाद फक्त ग्रंथात नाही, महाराष्ट्राच्या दगडात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दान केलेले स्तंभ आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद या यवनांची दाने कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यांत दत्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे लेणे आहे. हे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. परक्या देशाच्या माणसांनी इथली भाषा घेतली, इथला धम्म घेतला, आणि त्यांना कुणी थप्पड मारून ती भाषा शिकवली नव्हती. संघाने त्यांना जागा दिली, म्हणून ते इथले झाले.

भाषेबद्दल भगवान बुद्धांची भूमिकाही विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली, की वेगवेगळ्या कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, आम्ही ते छंदस् भाषेत बांधून ठेवतो. बुद्धांनी त्यांना नकार दिला आणि आपल्या भाषेत वचन शिकण्याची अनुज्ञा दिली. 'आपल्या' म्हणजे नेमके कुणाच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ज्ञान वरच्यांच्या भाषेत कोंडायला त्यांनी नकार दिला, यात वाद नाही.

आक्षेपांना उत्तर

आता आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे परत येऊ.

पहिला आक्षेप, आपली पोरे बेकार आहेत. खरे आहे. पण विचार करा, ठेकेदार दूरच्या राज्यातला मजूर का आणतो? बिहारचा माणूस जास्त बलवान असतो म्हणून? नाही. त्याला इथली भाषा येत नाही, युनियन माहीत नाही, कामगार कार्यालय कुठे आहे ठाऊक नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. भाषा नसलेला मजूर हा मालकाचा सर्वांत मोठा फायदा आहे. तो जितका मुका, तितकी आपल्या पोरांची मजुरीही खाली येते. म्हणून त्याला मराठी शिकवणे म्हणजे आपल्या पोरांचा घास काढून देणे नव्हे. ठेकेदाराच्या हातातला चाबूक काढून घेण्याचे ते काम आहे.

कायद्यानेही भाषेचे हे महत्त्व ओळखले होते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर प्रत्येक मजुराला पासबुक देण्याची सक्ती केली होती, आणि मजुराची भाषा हिंदी-इंग्रजीहून वेगळी असेल तर ते त्याच्या भाषेतही असावे असे म्हटले होते. पुढे हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला. आमच्या वर्गात आलेल्या एकाही कामगाराने असे पासबुक पाहिलेले नाही.

दुसरा आक्षेप, मराठी धोक्यात आहे. पहिलीपासून हिंदी लादण्याचा शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावा लागला. लोकांनी केलेला तो विरोध योग्यच होता. पण त्याच दिवसांत मराठी येत नाही म्हणून हातावर पोट असलेल्यांना मारल्याचे व्हिडिओही आपण पाहिले. मारणाऱ्यांना विचारा, तुम्ही किती जणांना बाराखडी शिकवली? आणि मराठी म्हणजे कुणाची मराठी? आमचे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर परभणी जिल्ह्यातून या शहरात आले. "काय करायलास" म्हटले की एका कार्यालयातले लोक त्यांना हसत. तेही मराठीच बोलत होते! बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार प्रांतांवर लिहिताना इशारा दिला होता, की भाषेच्या नावाखाली एखाद्या प्रबळ जातीचे राज्य येऊ शकते. ज्या काठीने आज बिहारी माणसाला मारले जाते, ती काठी उद्या आपल्या बोलीवर पडणार नाही याची खात्री कोण देणार?

तिसरा आक्षेप, हे शहर आपले आहे. हो, आपले आहे. पण १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. पाणचक्कीपाशी ज्यांचा दर्गा आहे त्या सुफी संताचे नावच बाबा शाह मुसाफिर. नावावरून भांडणारे भांडोत, या शहराची तहान बाहेरून आलेल्या अंबरच्या नहरीने भागवली आहे. पुढे १९७८ ला नामांतराचा ठराव झाल्यावर गावोगावी आपली घरे जाळली गेली आणि कित्येक कुटुंबे अंगावरच्या कपड्यानिशी शहराकडे धावली. तेव्हा तीही परकीच होती.

त्यांच्याकडून काय घ्यायचे?

वर्ग म्हणजे आपण देणारे आणि ते घेणारे असे नाही. एका रविवारी आम्ही अण्णाभाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीचा अर्थ समजावून सांगत होतो. बाई गावी, नवरा मुंबईत. एक कामगार म्हणाला, ये तो हमारे भिखारी ठाकुर का बिदेसिया है! भिखारी ठाकूर हे नाभिक समाजात जन्मलेले भोजपुरी नाटककार. कमाईसाठी परमुलखात गेलेला नवरा आणि मागे राहिलेली बायको हाच त्यांच्या 'बिदेसिया'चा विषय. छपरा आणि वाटेगाव एकमेकांना ओळखत होते, आपणच ओळख करून दिली नव्हती.

१९१४ मध्ये 'सरस्वती' मासिकात हीरा डोम यांची 'अछूत की शिकायत' ही भोजपुरी कविता छापून आली होती. म्हणजे बिहारच्या दलिताने शंभर वर्षांपूर्वी आपली फिर्याद आपल्या बोलीत मांडली होती. वाळूजमध्ये यंत्रावर उभ्या असलेल्या कामगारांत त्याच वस्त्यांतली, रविदासांना मानणारी माणसे आहेत. त्यांना 'भय्या' म्हणून एका झटक्यात बाजूला सारणे म्हणजे आपल्याच माणसांना न ओळखणे आहे.

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर टाळेबंदीत गावाकडे चालत निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातले ते मजूर, बहुतेक आदिवासी. रुळावर पडलेल्या भाकरी-चपात्यांचे फोटो आपण सर्वांनी पाहिले. आपल्या जिल्ह्यात ते मेले, पण ते जिवंत असताना आपल्यापैकी किती जणांना त्यांतल्या एकाचे तरी नाव माहीत होते? आम्हालाही माहीत नव्हते. आमचा वर्ग त्या लाजेतून सुरू झाला आहे, हे बैठकीत सांगायचे राहून गेले होते.

करायचे काय?

आमचे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक बुद्धविहार आठवड्यातून दोन तास रिकामे असते. तिथे वर्ग घ्या. बाराखडीपासून नको, हजेरी आणि पगार पावतीपासून सुरुवात करा. शिकणाऱ्याला त्याचे गाणे आधी गाऊ द्या, मग आपले शिकवा. १४ एप्रिलच्या मंचावर एक गाणे भोजपुरीत होऊ द्या. बायांसाठी वेगळी वेळ ठेवा आणि शिकवायला आपल्या ताई जाऊ द्या. आणि आपल्या बेकार पदवीधर पोरांनाच शिक्षक करा. शिकवता शिकवता त्यांनाही कारखान्याच्या आतले जग कळेल.

ज्या मित्राने प्रश्न विचारला त्याला आम्ही येत्या रविवारी रांजणगावला बोलावले आहे. त्याला हलगी चांगली वाजवता येते. तो येतो म्हणाला आहे, पण अजून त्याला आमचे पटलेले नाही. न पटताही आला तरी चालेल. मिलिंदानेही आधी प्रश्नच विचारले होते.

जय भीम! जय संविधान!